नजर, लिंबू आणि सुकी लाल मिरची : नागपूरच्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर भिवापूर तालुक्यातलं आणि सासर नागपूरच्या महाल भागातलं. लहानपण मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडतात त्या जागी, खुडणाऱ्या बायांच्या मागेमागे गेलं. संसार झाला तो अशा घरात, जिथे तिन्हीसांजेला लेकरू किरकिरायला लागलं की आधी मिरच्यांच्या डब्याकडे हात जातो. आता पुण्या-मुंबईला गेलेल्या भाच्या, शेजारच्या नव्या आया, ओळखीतल्या सुना मला फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नजर काढायला काय काय लागतं आणि ती काढतात कशी?

सुक्या लाल मिरच्या, खडे मीठ आणि मोहरी, एवढं पुरे. काही घरांत केरसुणीची काडी किंवा उंबऱ्यावरची चिमूटभर मातीही घेतात. मिरची देठासकट हवी. आमच्या आजीला देठ तुटलेली मिरची अजिबात चालायची नाही, ती डब्यातून एकेक निवडून घ्यायची.

लेकराला पूर्वेकडे तोंड करून मांडीवर किंवा पाटावर बसवायचं. हे सगळं उजव्या मुठीत धरून डोक्यापासून पायापर्यंत तीन किंवा सात वेळा उतरवायचं आणि प्रत्येक फेरीला मूठ जमिनीला टेकवायची. ओठांतल्या ओठांत म्हणायचं, ‘आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, भुताखेताची, ज्याची कोणाची नजर लागली असेल ती जळून जावो.’ आजी त्यात हळूच जोडायची, ‘मायचीही.’ सगळ्यात आधी नजर लागते ती आईचीच, कारण लेकराकडे सगळ्यात जास्त वेळ तीच बघत असते, असं ती म्हणायची. शेवटी मूठ निखाऱ्यावर रिकामी करायची, मागे वळून न बघता मोरीवर जायचं, हातपाय धुवायचे आणि मगच बोलायचं.

मिरच्या किती? वार कोणता?

मिरच्या विषम घेतात, म्हणजे तीन, पाच किंवा सात. वार शनिवार किंवा मंगळवार, नाहीतर अमावस्या. पण खरं सांगायचं तर लेकरू रडतं त्या दिवशीच काढली जाते, शनिवारची वाट कोणी बघत नाही.

मिरच्या जाळल्या तरी ठसका लागला नाही, म्हणजे नजर कडक होती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ठसका लागला नाही की घरातली मोठी बाई गंभीर होऊन म्हणते, ‘बघा, किती नजर लागली होती लेकराला!’ मीही लहानपणी हे डोळे विस्फारून ऐकलं आहे. पुढे मात्र चुलीशी रोज बसून यातली गोम कळली.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो त्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत नसतं, मिरचीच्या आतल्या पांढऱ्या दोऱ्यात असतं, बियांना फक्त चिकटतं. मिरची मंद आचेवर करपत राहिली की हे द्रव्य धुराच्या बारीक कणांबरोबर वर उठतं आणि नाकाघशात झोंबतं. गॅसवर तवा ठेवून नजर काढून बघा, शेजारचं घरही खोकायला लागेल. याउलट गोवरीचे निखारे चांगले फुललेले असले आणि मिरची त्यावर पडताच भडकन पेटली, तर धूर उठायच्या आधीच ती जळून जाते आणि ठसका लागत नाही. वरून वारा असला तर विचारूच नका. मिरची कोणती आहे त्यानेही फरक पडतो. ब्याडगीचा रंग भारी, पण तिखटपणा कमी, त्यामुळे तिने काढली तर ठसका कमीच यायचा. दोन वर्षं डब्यात पडलेल्या मिरचीचंही तेच.

तडतड होते ती मीठ-मोहरीची. मोहरीच्या दाण्यात आणि मिठाच्या खड्यात थोडं पाणी अडकलेलं असतं, त्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. फोडणीत रोज हेच होतं, पण फोडणीत त्याचा अर्थ कोणी लावत नाही.

हे कळल्यावर मी नजर काढणं सोडलं का? नाही. दिवसभर या हातातून त्या हातात फिरलेलं, पाहुण्यांनी गालगुच्चे घेतलेलं लेकरू त्या दोन मिनिटांत घरातल्या सगळ्यात शांत माणसासमोर स्थिर बसतं. दिवा लागलेला असतो, कोणी बोलत नाही, हात वरून खाली सावकाश फिरतो. आई इतका वेळ घाबरलेली असते, तिलाही वाटतं की कोणीतरी काहीतरी केलं. त्या दोन मिनिटांचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. मात्र ताप असेल तर थर्मामीटर आधी, मिरची नंतर.

मिरचीच का? ही रीत फार जुनी आहे का?

रीत जुनी आहे, मिरची मात्र नवी. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. मिरची आपल्याकडे आली ती त्यानंतर, सोळाव्या शतकात. तोवर आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि आलं. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिऱ्यावरूनच पडलं आहे.

मुठीतली खरी जुनी जिन्नस म्हणजे मोहरी. बाळंतिणीच्या खोलीत रक्षणासाठी मोहरी पसरावी, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. म्हणजे नजर काढणारी आजी होती, मोहरी होती आणि मीठ होतं. पुढे कधीतरी मिरची बंदरातून उतरून त्या मुठीत शिरली, आणि आज आपण तिच्याशिवाय नजरेचा विचार करू शकत नाही. मला हे फार सुंदर वाटतं. परक्या मुलुखातली वस्तू घरातल्या सगळ्यात नाजूक जिवावरून उतरवण्याइतकी आपली होऊन जाते, आणि नुसतं ‘परंपरा’ म्हणून मोकळं झालं की हीच गोष्ट हातची निसटते.

मोहरीची आणखी एक आठवण नागपुरात सांगायलाच हवी. इथल्या बौद्ध वस्त्यांतल्या विहारांत किसा गोतमीची कथा सांगतात. मेलेलं बाळ उराशी घेऊन ती बुद्धाकडे आली. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी दारोदार मिळाली, पण तसं घर एकही मिळालं नाही. त्याच मुठीतली तीच मोहरी, पण तिथे ती दुःख टाळण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे. माझ्या शेजारच्या ताई नजर काढत नाहीत, त्यांना ही कथा पुरते. त्यांच्या लेकरांवर त्यांचं प्रेम माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

दुकानाला, गाडीला लिंबू-मिरची का बांधतात?

लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी हिला आंबट-तिखट आवडतं, अशी समजूत आहे. ते तिला दारातच मिळालं की ती तिथूनच तृप्त होऊन परत जाते. म्हणून एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या दोऱ्यात ओवून बाहेर टांगतात. शनिवारी सकाळी इतवारीत किंवा सीताबर्डीवर फेरी मारली तर दुकानादुकानातून जुनं काढून नवं बांधणारी पोरं दिसतील. खाली कोळशाचा तुकडा किंवा बिबा ओवलेला असतो.

त्या बिब्याला जपा. रस्त्यावर पडलेलं लिंबू-मिरचीचं तोरण लेकराला उचलू देऊ नका. भुताच्या भीतीने नाही, तर बिब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात म्हणून.

पूर्वज वैज्ञानिक होते, लिंबू-मिरचीतला अर्क हवेत पसरून किडे पळतात, असा मेसेज येतो. खरं आहे का?

नाही. कॅप्सेसिन साध्या हवेत उडून जात नाही. उडत असतं तर भिवापूरच्या सातऱ्यावर, मिरचीच्या ढिगाशेजारी नुसतं उभं राहणंही मुश्कील झालं असतं. तिथे ठसका लागतो तो धूळ उडाली की, किंवा जाळ लागला की. अलक्ष्मीची गोष्ट ही गोष्ट म्हणून चांगली आहे, तिला खोट्या विज्ञानाचा टेकू नको.

सकाळी दारात लिंबू, कुंकू आणि मिरच्या ठेवलेल्या सापडल्या. काय करावं?

केरसुणीने सुपलीत घ्या, कचऱ्यात टाका, पाण्याने दार धुवा, चहा ठेवा. एवढंच.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘हे अमकीनेच केलं, ती करणी करते,’ असं बोलू नका. आपल्या भागात अशा एका वाक्यावरून घरं उठली आहेत, म्हाताऱ्या बायांना मार पडला आहे. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा चेटूक केल्याचा ठपका ठेवून तिचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्या कायद्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिते.

अंगात आलं, झटका आला, भूतबाधा झाली म्हणून मिरचीची धुरी देतात. द्यावी का?

कधीही, कोणालाही नाही. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे उत्तर तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या चुलत बहिणीला चौदाव्या वर्षी फिट्स यायला लागल्या. गावातल्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाने तिला घोंगडीखाली बसवलं, आत निखाऱ्याचं घमेलं सरकवलं आणि वरून मुठीने मिरच्या टाकल्या. मी दाराशी उभी होते. आतून आधी खोकला आला, मग ओरडणं आलं, मग काहीच आवाज येईना, आणि बाहेरची माणसं म्हणाली, ‘उतरलं.’ घोंगडी काढली तेव्हा तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. पुढे नागपूरला आणून रोजची गोळी सुरू झाली आणि फिट्स थांबल्या. आज तिची दोन लेकरं शाळेत जातात. पण फोडणीची मिरची करपली की ती अजूनही घराबाहेर जाऊन उभी राहते.

मूठ तीच, मिरची तीच. आजी ती अंगावरून उतरवत होती, त्या माणसाने ती अंगात घातली. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि कायद्यानेही ते ओळखलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं यांच्याबरोबर मिरचीची धुरी देणंही त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. या कायद्यासाठी झगडणाऱ्यांत नागपूरची माणसंही होती. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आपल्याच शहरातली.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, तोंडात काही घालू नका. मिरची, कांदा, चप्पल यांतलं काहीही नाकाशी धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

मग घरी लेकराची नजर काढणंही गुन्हा आहे का?

नाही. ज्याने कोणाला इजा होत नाही, कोणी लुबाडलं जात नाही, असे घरगुती विधी या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

कुत्रा चावला तर जखमेत तिखट भरतात. उपयोग होतो का?

होत नाही, उलट घात होतो. तिखट, चुना, हळद, तेल यांतलं काहीही भरू नका. तिखटाने जखम आणखी चिघळते आणि वेळ जातो. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पुरी पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरल्यावर दोन मिनिटंही पंधरा वाटतात. मग लगेच रेबीजच्या लसीसाठी जा. मेडिकल असो, मेयो असो, जवळ पडेल ते सरकारी रुग्णालय गाठा. लसीची सगळी इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

साप चावलेल्याला मिरची खायला देऊन परीक्षा करतात, ती खरी का?

मिरची तिखट लागली नाही किंवा कडुनिंबाचा पाला कडू लागला नाही तर साप विषारी, अशी ही परीक्षा. ती चुकीची आहे आणि जीवघेणी आहे. घाबरलेल्या माणसाची जीभ कोरडी पडते, तो काहीही सांगतो. मण्यारचा दंश तर इतका बारीक असतो की जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, ‘मिरची तिखट लागली ना, मग काही नाही.’ दंश झालेल्या हाताची किंवा पायाची हालचाल होऊ देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं, तिथे पोचा.

गुडघ्याला, कंबरेला मिरचीचा लेप लावतात. चालेल?

घरी वाटलेला लेप नको, कातडी भाजते. पण समजुतीमागे तथ्य आहे. औषधाच्या दुकानात कॅप्सेसिनची मलमं मिळतात, सांधेदुखीला आणि नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेला डॉक्टर ती देतात. आपल्या शरीरात उष्णता ओळखणाऱ्या ज्या जागेवर मिरची जाऊन बसते ती जागा डेव्हिड ज्युलियस यांनी कॅप्सेसिनच्याच मदतीने शोधली आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोंडात आग होते ती चव नसते, भाजल्याचीच संवेदना असते. पक्ष्यांची ती जागा मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट मजेत मिरची खातो.

मिरच्या खुडल्यावर हात झोंबतात, पाणी लावलं तर आणखी पसरतं. काय करावं?

आधी तेल, मग साबण. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. सातऱ्यावरच्या बाया घरी जाताना हाताला गोडं तेल चोळायच्या, मग राखेने घासायच्या आणि मगच लेकराला जवळ घ्यायच्या. ती बाई दाराशी हात पुढे धरून उभी, आणि लेकरू ‘घे, घे’ करत रडतंय, हे मी रोज संध्याकाळी पाहिलं आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण त्या लाल रंगामागे हे हातही आहेत. तुम्ही कळमन्याच्या बाजारातून वर्षाची मिरची आणाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

स्वयंपाकघरात मिरचीचे आणखी कोणते जुने उपयोग आहेत?

विरजण नसेल तर कोमट दुधात देठासकट दोन लाल मिरच्या टाकून रात्रभर ठेवतात. पहिलं दही सैलसर लागतं, त्याच्या विरजणाचं दुसरं चांगलं लागतं. तांदूळ-डाळीच्या डब्यात किडीसाठी सुक्या मिरच्या टाकतात, पण धान्य आधी कडक उन्हात वाळलेलं असेल तरच त्याचा उपयोग.

मारबतीचा आणि नजरेचा काही संबंध आहे का?

माझ्या मते सख्खा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी आणि इतवारीतून काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, निघते, सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात, आणि सगळं शहर ओरडतं, ‘इडा पिडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ शेवटी तिचं दहन होतं. घरात आजी मुठीत जे करते तेच शहर रस्त्यावर करतं. जे दुखतंय ते एका वस्तूवर घालायचं, ती अंगावरून किंवा गल्लीतून फिरवायची आणि जाळून टाकायची. गावाकडे त्याच सकाळी दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, हीच आरोळी देत शिवेबाहेर नेऊन टाकतात. आणि मारबतीतही पुतळा जळतो, माणूस नाही.

बाळाला दमा आहे. सासूबाई नजर काढायचा आग्रह धरतात. कसं सांगू?

भांडू नका. त्यांना म्हणा, ‘आई, तुम्हीच काढा, फक्त जाळायचं तेवढं अंगणात जाऊन जाळू.’ बाळ आत, दार बंद, निखारे बाहेर. फ्लॅटमध्ये अंगण नसेल तर मिरच्या जाळायच्याच नाहीत, मीठ-मोहरी उतरवून वाहत्या नळाखाली सोडून द्यायची. माझ्या सासूबाईंनी माझ्या धाकट्याच्या वेळी हेच मान्य केलं. आधी दोन दिवस त्या गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘धुराने पोराचा जीव घाबरा होतो, पाण्यातच सोडू.’

जळलेल्या मिरच्यांची राख कुठे टाकायची?

पूर्वी चौरस्त्यावर टाकत. आता तिथून लोकांच्या गाड्या जातात, राख डोळ्यांत उडते. पूर्ण विझू द्या, पाणी शिंपडा आणि झाडाच्या बुंध्याशी घाला. आमची कढीपत्त्याच्या कुंडीत जाते.